ओळख नसेल तर शोधनिबंध छापून येतो का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुम्ही गोव्यातल्या एका कॉलेजात शिकवता, पीएचडीचं काम संपत आलंय, दोन पेपर दोन ठिकाणांहून परत आलेत आणि स्टाफरूममध्ये कोणीतरी म्हणालं, "थंय कोण वळखीचो आसा काय ना? ना जाल्यार सोड." आता तुमच्या गाईडचे जुने मित्र एका नियतकालिकाचे संपादक आहेत. पेपर तिथे द्यावा, की परत अनोळखी दारात उभं राहावं?

मी फोंडा तालुक्यातला प्राणिशास्त्राचा मास्तर. एकतीस वर्षं शिकवलं, आता घरी असतो. खाजनातल्या, म्हणजे बांध घालून राखलेल्या खाऱ्या जमिनीतल्या, तिसऱ्या-खुबे हे शिंपले, कोळंबीची पिल्लं असल्या विषयांवर माझे बारा-तेरा पेपर आले. नाव घेण्यासारख्या नियतकालिकांत त्यातले दोनच. एका छोट्या नियतकालिकाच्या संपादक मंडळावर सहा वर्षं काढली आणि परीक्षक म्हणून वर्षाला आठ-दहा पेपर अजून वाचतो. तेव्हा पेपर परत आल्यावर पोटात पडणारा खड्डा मला ठाऊक आहे, आणि पेपर परत पाठवणारा माणूस त्या दिवशी किती कंटाळलेला असू शकतो तेही.

वशिला चालतो. खोटं कशाला सांगू? पण पेपर पाठवल्यानंतर तो जेवढा चालतो, त्याच्या कितीतरी पट पाठवण्याआधी चालतो, आणि त्या आधीच्या वशिल्याला कोणी वशिला म्हणत नाही.

माझंच सांगतो. नव्वदच्या दशकात मानशीच्या, म्हणजे खाजनाच्या बांधातून पाणी आत-बाहेर सोडणाऱ्या, दारापाशी दोन वर्षं पाण्याचे नमुने घेतले, तिसऱ्या मोजल्या, वजनं केली. पावसात गुडघाभर चिखल, उन्हाळ्यात डोकं फुटेल असं ऊन. पेपर लिहून बाहेर पाठवला. पहिल्या ठिकाणाहून एका परीक्षकाचं म्हणणं आलं की काम काळजीपूर्वक केलेलं आहे, पण त्याचं महत्त्व स्थानिक आहे. दुसऱ्या ठिकाणी परीक्षकापर्यंत पेपर गेलाच नाही, संपादकाने टेबलावरूनच परत केला. मीही तुमच्यासारखाच म्हणालो की आपला माणूस नाही ना तिथे.

त्या सुमारास दोनापावलाच्या समुद्रविज्ञान संस्थेतून निवृत्त झालेले एक शास्त्रज्ञ माझ्या मावसभावाचे शेजारी निघाले. (गोव्यात कोणी ना कोणी कोणाचा तरी शेजारी निघतोच.) ताळगावला त्यांच्या बाल्कनीत तीन संध्याकाळी बसलो. पहिल्या दिवशी त्यांनी लाल पेनने पहिली चार पानं उभी कापली. म्हणाले, "गोव्याचा भूगोल तुम्ही कोणाला शिकवताय? मानस बंद राहिली की आतल्या पाण्याचा खारेपणा उतरतो आणि तिसऱ्यांची वाढ अडते, हे तुम्ही अकराव्या पानावर लपवून ठेवलंय. पेपर तिथून सुरू होतो." दुसऱ्या दिवशी म्हणाले की समुद्राला बांध घालून शेती करणारे आपण एकटे नाही, डच लोकांचा तो पिढीजात धंदा, त्या भागातलं काम छापणारं नियतकालिक शोधा, त्यांना मानस म्हणजे काय ते दोन ओळींत कळेल. तिसऱ्या दिवशी संपादकाला पाठवायचं पत्र माझ्याकडून चार वेळा लिहून घेतलं. माझं पत्र दीड पानाचं होतं. उरल्या सहा ओळी.

दोन फेऱ्या दुरुस्त्या होऊन तो पेपर छापून आला. त्या गृहस्थांनी संपादकाला एक अक्षर लिहिलं नव्हतं, त्यांची त्याच्याशी ओळखही नव्हती. मग हा वशिला की नव्हे? मला विचाराल तर हाच सगळ्यात मोठा वशिला. मोठ्या संस्थेतल्या मुलाला अशा तीन संध्याकाळी कँटीनमध्ये चहाबरोबर मिळतात. कुठल्या नियतकालिकाला सध्या कसलं काम हवंय, कुठला संपादक सहा महिने उत्तर देत नाही, कुठला परीक्षक आकडेवारीच्या एका पद्धतीवर अडून बसतो, हे सगळं त्याला कोणी न शिकवता कळतं. तुम्ही-आम्ही सकाळी चार तास शिकवून, दुपारी कॉलेजाच्या नॅक मूल्यांकनाच्या फायली भरून, रात्री जेवण झाल्यावर पेपर लिहितो आणि तो पहिल्यांदा वाचणारा माणूस थेट परीक्षक असतो. परीक्षक हा कच्चा मसुदा दाखवायचा माणूस नव्हे.

आता पाठवल्यानंतरच्या वशिल्याकडे येतो, कारण तुमच्या स्टाफरूममध्ये बोलतात ते त्याविषयी. ते अगदीच खोटं नाही. अमेरिकेत पीटर्स आणि सेसी या दोघांनी एक खोडसाळ प्रयोग केला होता, तो १९८२ साली प्रसिद्ध झाला. नामांकित विभागांतल्या लेखकांचे, मानसशास्त्राच्या चांगल्या नियतकालिकांत आधीच छापून आलेले बारा पेपर त्यांनी घेतले. लेखकांची आणि संस्थांची नावं बदलून कोणी न ऐकलेली नावं घातली आणि ज्या नियतकालिकाने जो छापला होता त्यालाच तो परत पाठवला. तिघांना चोरी कळली. उरलेल्या नऊपैकी आठ नाकारले गेले, आणि कारणं काय दिली, तर संशोधन पद्धतीत गंभीर दोष! या प्रयोगावर टीका पुष्कळ झाली, नमुना लहान होता हेही खरं. पण २०२२ मध्ये ऑस्ट्रियातल्या ह्यूबर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच मोठ्या प्रमाणावर, जास्त नीट करून पाहिलं. पेपर एकच होता आणि त्याचे खरे लेखक दोन होते: अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेले व्हर्नन स्मिथ आणि त्यांचा फारसा कोणाला माहीत नसलेला तरुण सहकारी. पाचशेवर परीक्षकांच्या अहवालांत काय दिसलं? नोबेलवाल्याचं नाव वर होतं तेव्हा २३ टक्क्यांनी नाकारा म्हटलं, नावच नव्हतं तेव्हा ४८ टक्क्यांनी, आणि तरुणाचं नाव होतं तेव्हा ६५ टक्क्यांनी. पेपरात काना-मात्रेचा फरक नव्हता.

हे आकडे वाचून मी दोन दिवस उदास होतो. मग लक्षात आलं की इथे ओळख हा शब्द आपण वापरतो त्या अर्थाने नाहीच. त्या परीक्षकांतल्या बहुतेकांनी स्मिथसाहेबांबरोबर कधी चहा घेतला नसेल. नावाला वजन होतं आणि ते आपोआप पडलं. कोणी फोन केला नाही, कोणी लाच घेतली नाही, म्हणून याविरुद्ध तक्रारही करता येत नाही.

खऱ्याखुऱ्या ओळखीविषयीही अभ्यास झालेत आणि तिथे गंमत आहे. अर्थशास्त्र आणि वित्त या विषयांतल्या नियतकालिकांवर २०१४ मध्ये आलेल्या एका अभ्यासात दिसलं की एखादा प्राध्यापक संपादक झाला की त्याच्या विद्यापीठातल्या सहकाऱ्यांचे त्या नियतकालिकातले पेपर जवळजवळ दुप्पट होतात. इथवर स्टाफरूमचं म्हणणं खरं. पण त्याच अभ्यासात असंही दिसलं की या "घरच्या" पेपरांचे संदर्भ पुढे इतरांपेक्षा जास्त घेतले गेले. म्हणजे संपादकाने भाऊबंदांचा गाळ भरला नव्हता. शेजारच्या खोलीत काय चांगलं शिजतंय ते त्याला आधी कळत होतं आणि तो ते मागून घेत होता. तुमच्या खोलीत काय शिजतंय ते मात्र त्याला कळायचा मार्ग नव्हता.

उलट बाजूचं उदाहरणही तेवढंच ठणठणीत आहे. स्वीडनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या फेलोशिपचे गुण कसे दिले गेले ते वेनेरोस आणि वोल्ड या दोन स्त्री शास्त्रज्ञांनी कोर्टाची पायरी चढून मिळवले आणि १९९७ मध्ये मांडले. विषय पेपरांचा नव्हता, फेलोशिपचा होता, पण तपासणारी जात तीच. समितीतल्या कोणाशी संबंध असलेल्या उमेदवाराला जास्त गुण मिळत होते, आणि तेही तो संबंधित सदस्य नियमाप्रमाणे गुण देण्यापासून बाजूला बसलेला असताना! बाकीच्यांनी न सांगता समजून घेतलं. हे वाचताना आपल्याकडच्या कितीतरी इंटरव्ह्यू समित्या माझ्या डोळ्यांपुढून गेल्या.

गोव्यात यात आणखी एक भानगड आहे, आकाराची. २०११ च्या जनगणनेत आपण सगळे मिळून साडेचौदा लाख. गोवा विद्यापीठ १९८५ पासूनचं. दोनापावलाला समुद्रविज्ञानाची ती संस्था, एनआयओ, वास्कोला ध्रुवीय संशोधनाचं केंद्र, आणि मग कॉलेजं. एखाद्या विषयात खरं काम करणारी माणसं बोटांवर मोजावीत. लेखकाचं नाव झाकून पेपर परीक्षकाकडे पाठवतात खरे, पण चापोऱ्याच्या मुखावरचा गाळ किंवा कुंभारजुव्याच्या कालव्यातली खारफुटी असं शीर्षक वाचलं की लेखक कोण, त्याचा गाईड कोण आणि त्या गाईडचं कोणाशी बिनसलंय, इतकं सगळं मला सारांश वाचायच्या आत कळतं. मराठी-कोंकणीच्या अभ्यासकांची अवस्था तर याहून अवघड, तिथे वाक्याच्या वळणावरून माणूस ओळखू येतो. तेव्हा इथे ओळख टाळणं शक्यच नाही. ओळख आहे हे सांगायचं की दडवायचं, एवढाच प्रश्न उरतो.

आणि आता कचऱ्याविषयी. पेपरांच्या संख्येवर प्रमोशन ठरायला लागल्यावर आपल्या देशात जी नियतकालिकं उगवली, त्यांच्यापुढे वशिला बिचारा सात्त्विक वाटावा. विद्यापीठांच्या शिफारशीवरून यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, मान्य यादीत घुसलेल्या १,००९ नियतकालिकांची तपासणी पुण्याच्या भूषण पटवर्धनांनी आणि सहकाऱ्यांनी केली होती. २०१८ मध्ये त्यांनी लिहिलं की त्यातली ८८ टक्क्यांहून जास्त दर्जात बसत नाहीत. त्याच वर्षी यूजीसीने चार हजारांवर नियतकालिकं यादीतून काढली, मग केअर नावाची नवी यादी आणली, आणि २०२५ च्या फेब्रुवारीत तीही बंद केल्याचं जाहीर केलं. या यादीत नावं घुसली कशी असतील? कोणीतरी कोणाला तरी म्हणालं असेल, "आमचंही एक घाला." पीएचडीसाठी पेपर सक्तीचा असण्याची अट २०२२ च्या नियमांत गेली, हे तुम्हाला गाईडने सांगितलंय ना? नसेल तर तुमच्या विद्यापीठाचा स्वतःचा नियम काय आहे ते आधी बघा. कित्येक मुलं नसलेल्या अटीच्या भीतीने पैसे भरून छापतात.

परदेशातही सगळे साधू नाहीत. वैद्यकातल्या साडेपाच हजार नियतकालिकांची २०२१ मध्ये पाहणी झाली. सर्वसाधारण नियतकालिकात सगळ्यात जास्त छापणाऱ्या एका लेखकाचा वाटा तीन टक्क्यांच्या आत होता, पण काही ठिकाणी तो दहा टक्क्यांच्या वर गेला, आणि अशा ठिकाणी तो लेखक बरेचदा संपादक मंडळावरच सापडला. दक्षिण कोरियातल्या एका गृहस्थाने तर परीक्षक म्हणून सुचवलेल्या माणसांचे ईमेल पत्ते स्वतःच तयार केले होते आणि स्वतःच्या पेपरांवर स्वतःच अभिप्राय लिहीत होता. पकडला गेला तो चोवीस तासांच्या आत अभिप्राय यायला लागले म्हणून. खरा परीक्षक इतका तत्पर नसतो, हे संपादकाला पक्कं माहीत.

आता मुद्द्यावर: गाईडच्या मित्राकडे पाठवावा का? इथे मला आपले गणिती आणि इतिहासकार कोसंबी आठवतात, दामोदर धर्मानंद. त्यांच्या आयुष्यात दोस्तीखात्यात छापून आलेल्या एका पेपराची मजेदार गोष्ट आहे. १९३१ मध्ये अलीगढला असताना आंद्रे वेय या फ्रेंच गणिती मित्राच्या चिथावणीवरून त्यांनी एका सहकाऱ्याची खोड मोडायला बूर्बाकी नावाच्या काल्पनिक गणितज्ञाच्या प्रमेयावर गंभीर चेहऱ्याने पेपर लिहिला, आणि संयुक्त प्रांताच्या विज्ञान अकादमीने तो छापलाही. पुढे हेच नाव एका अख्ख्या फ्रेंच गणिती मंडळाने घेतलं आणि जगभर गाजवलं. पण त्यांचीच दुसरी गोष्ट हसण्यासारखी नाही. १९५९ मध्ये रीमानच्या गृहीतकासारख्या महाकठीण प्रश्नावरचं त्यांचं काम कृषी सांख्यिकीच्या नियतकालिकात आलं. त्या विषयातली चूक पकडू शकेल अशा माणसाच्या हाती पेपर पडेल अशी ती जागाच नव्हती. सिद्धता टिकली नाही, गणितज्ञांत पत घसरली, आणि १९६२ मध्ये टाटा इन्स्टिट्यूटने त्यांचा करार वाढवला नाही. कारणं इतरही होती, पण हेही एक होतं. एवढा मोठा माणूस, आणि वेळेवर कोणी कडक परीक्षक भेटला नाही.

तेव्हा गाईडच्या मित्राचं नियतकालिक तुमच्या विषयाचंच असेल आणि तिथले पेपर तुम्ही स्वतः वाचत असाल, तर खुशाल पाठवा. सोबतच्या पत्रात मात्र एक ओळ घाला की माझे मार्गदर्शक संपादकांचे जुने स्नेही आहेत, हा पेपर दुसऱ्या सदस्याने हाताळावा अशी विनंती. भला संपादक यावर खूश होतो. चिडला, तर तो पेपर तिथे न छापला गेलेलाच बरा. आणि विषय जुळत नसेल, केवळ "होऊन जाईल" म्हणून पाठवत असाल, तर नको. गाईड मित्राचं नावही लेखकांत घाला असं सुचवतील, हेही मी गृहीत धरतो. काम न केलेल्याचं नाव घालू नका. कठीण आहे, मला माहीत आहे. व्हायव्हा बाकी आहे तुमची. "सर, आभारात लिहिते" हे वाक्य आत्तापासून घोकून ठेवा.

त्याआधी मसुदा घेऊन एखाद्या परक्या माणसाकडे जा. ओळख नसली तरी जा. सत्येंद्रनाथ बोसांनी १९२४ मध्ये ढाक्याहून आइन्स्टाइनना पेपर पाठवला तेव्हा त्यांचा एकमेकांशी काही परिचय नव्हता. आइन्स्टाइननी स्वतः जर्मनमध्ये भाषांतर करून तो छापवून घेतला. तुम्हाला आइन्स्टाइन नको आहे, ताळगावच्या बाल्कनीतला एखादा लाल पेनवाला पुरे. दहा जणांना ईमेल करा, दोघे उत्तर देतील.

शेवटी माझे दोन गुन्हे सांगतो, म्हणजे हा मास्तर फार सोवळा आहे असा तुमचा समज व्हायला नको. संपादक मंडळावर असताना एका मित्राच्या विद्यार्थिनीचा पेपर मी वाचल्यासारखा करून पास केला. मित्राचा फोन आला होता: "पोरीचं लग्न ठरलंय रे, तेवढं बघ." वर्षभराने कोणीतरी दाखवून दिलं की तिसऱ्या तक्त्यातल्या बेरजाच जुळत नाहीत. दुरुस्तीची चौकट छापावी लागली, तिच्या नावाने. माझं नाव कुठेच नव्हतं.

दुसरा गुन्हा उलटा. काही वर्षांनी नाव झाकलेला एक पेपर माझ्याकडे आला आणि पहिल्या नकाशातच कळलं की तो याच मित्राचा आहे. संपादकाला तसं कळवून परत करायला हवा होता. नाही केला. आधीचं ओझं होतं म्हणा किंवा आणखी काही, पण दोन पानं आक्षेप लिहिले आणि नाकारा म्हणून कळवलं. चवथीला त्याच्या घरी गणपतीवर बांधलेल्या फळापानांच्या माटोळीखाली बसून नेवऱ्या, म्हणजे करंज्या, खात होतो तेव्हा त्याने तो अहवाल मोबाईलवर काढला आणि मला वाचून दाखवायला लागला. "बघ, कोणी तरी दिल्लीचा शहाणा असणार, याला खाजन म्हणजे काय ठाऊक नाही." मी दुसरी नेवरी घेतली. मग म्हणालो, "शहाणा असेल, पण तू नमुने फक्त भरतीच्या वेळीच का घेतलेस?" तो थांबला. वहिनींकडून पेन मागून घेतलं आणि आरतीच्या पुस्तकाच्या मागच्या कोऱ्या पानावर लिहायला लागला. त्या दोन पानांतले सगळे आक्षेप मी एकेक करून परत सांगितले, त्याने सगळे लिहून घेतले. पुढच्या वर्षी तो पेपर दुसरीकडे छापून आला, चांगल्या ठिकाणी. आभारात माझं नाव आहे.